टप्पा आणि तळहात : बास्केटबॉलचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ



स्मरणिकेसाठी प्रत्येकाने काहीतरी लिहायचे ठरले, तेव्हा बहुतेकांनी शाळेच्या आठवणी निवडल्या. माझी आठवण एकच आहे आणि ती लहानशी आहे. पण तिचे टोक धरून मी फार मागे होऊन गेलेल्या एका शिक्षकापर्यंत पोचले. म्हणून आठवण थोडक्यात सांगते आणि त्या शिक्षकांची गोष्ट सविस्तर.

आठवीतला आंतरवर्गीय बास्केटबॉलचा अंतिम सामना. मातीचे ग्राउंड, फक्कीने मारलेल्या रेषा आणि जाळी नसलेली रिंग. शेवटचे काही सेकंद उरले होते, आम्ही एका गुणाने मागे होतो आणि चेंडू माझ्याकडे होता. समोरच्या मुलीला चकवताना माझा तळहात चेंडूच्या खाली गेला आणि पी.टी.च्या सरांची शिट्टी वाजली. कॅरी. चेंडू दुसऱ्या वर्गाला मिळाला आणि आम्ही हरलो. मी पुढचा आठवडाभर सरांकडे पाहिलेसुद्धा नाही. एवढासा हात वळला तर काय बिघडले, चेंडू टप्पे तर खातच होता, असे माझे म्हणणे होते. ते मी सरांना कधी सांगितले नाही, फक्त मनात ठेवले.

आता माझी मुलगी बास्केटबॉल खेळते. मध्यंतरी ती तोच प्रश्न घेऊन घरी आली. टीव्हीवरचे मोठे खेळाडू सर्रास हात चेंडूखाली घालतात, मग मलाच का अडवतात? तिला उत्तर द्यायचे म्हणून मी ज्यांनी हा खेळ निर्माण केला त्या डॉ. जेम्स नेस्मिथ यांच्याविषयी वाचायला घेतले. तिचे उत्तर मिळालेच, शिवाय माझे तीस वर्षांचे जुने भांडणही मिटले.

जेम्स नेस्मिथ यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात, आल्मॉण्ट गावाजवळ झाला. घराणे स्कॉटलंडहून आलेले, परिस्थिती बेताची. जेम्स नऊ वर्षांचा असताना विषमज्वराने आई आणि वडील दोघेही गेले. तीन भावंडे आजीकडे आणि मग पीटर यंग या मामाकडे वाढली. मामा शिस्तीचा होता. शेतात आणि जंगलात पडेल ते काम करावे लागे. अभ्यासात जेम्सचे लक्ष नव्हते. पंधराव्या वर्षी शाळा सोडून तो लाकूडतोडीच्या छावण्यांवर कामाला गेला. तिथे काही वर्षे काढल्यावर त्याला कळले की असेच आयुष्य घालवायचे नाही. मग तो वयाने लहान मुलांच्या वर्गात पुन्हा येऊन बसला आणि शाळा पूर्ण केली. आपल्यापैकी ज्यांचे शिक्षण मधे तुटले आणि ज्यांनी ते पुढे पुरे केले, त्यांना या पानाचे मोल वेगळे सांगायला नको.

गावातली मुले एक खेळ खेळत. मोठ्या खडकावर एक दगड ठेवायचा, एकाने राखण करायची आणि बाकीच्यांनी लांबून दगड मारून तो पाडायचा. आपल्या लगोरीचा लांबचा भाऊच म्हणा. जोराने सरळ दगड मारला आणि नेम चुकला, तर तो लांब जाऊन पडे आणि आणायला धावताना राखणदार गाठत असे. म्हणून हुशार मुले दगड हळूच वर उडवत आणि तो कमानीसारखा येऊन खडकावर उतरे. जोरापेक्षा नेम मोठा, ही गोष्ट जेम्सच्या डोक्यात तिथे बसली. पुढे ती अगदी अनपेक्षित जागी उपयोगाला आली.

माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून १८८७ मध्ये ते पदवीधर झाले. त्यानंतर धर्मोपदेशक व्हायचे म्हणून १८९० पर्यंत धर्मशास्त्राचा अभ्यास केला. त्याच काळात ते रग्बी आणि लक्रॉस खेळत आणि विद्यापीठाच्या व्यायामशाळेत शिकवत. धर्मशास्त्राच्या त्यांच्या काही सोबत्यांना हे खेळणे पसंत नव्हते. मैदान म्हणजे वाया गेलेल्या तरुणांचा अड्डा, असा तेव्हा अनेकांचा समज होता. नेस्मिथ यांना मात्र उलट वाटू लागले होते. प्रवचनाने जे वळण लागत नाही ते खेळाने लागू शकते, या विचाराने ते १८९० मध्ये अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथल्या वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात दाखल झाले. आधी विद्यार्थी आणि लगेच शिक्षक.

१८९१ चा हिवाळा. बाहेर बर्फ, त्यामुळे फुटबॉल बंद आणि बेसबॉलला अजून अवकाश. विद्यालयातला अठरा जणांचा एक वर्ग व्यायामशाळेतल्या कवायतीला पार कंटाळला होता. ही मोठी, जाणती माणसे होती आणि आधीच्या दोन शिक्षकांनी त्यांच्यापुढे हात टेकले होते. विभागप्रमुख डॉ. ल्यूथर गुलिक यांनी तो वर्ग नेस्मिथ यांच्या गळ्यात घातला आणि चार भिंतींच्या आत खेळता येईल असा नवा खेळ शोधायला दोन आठवडे दिले.

नेस्मिथ यांनी आधी ओळखीचे खेळ आत आणून पाहिले. फुटबॉलमध्ये हातपाय मोडायची वेळ आली, लक्रॉसला जागा अपुरी पडली. मुदत संपत आली तेव्हा ते शांतपणे विचार करत बसले. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोलाचा क्षण हाच. त्यांनी स्वतःला विचारले की रग्बीसारख्या खेळात माणसे एकमेकांना पाडतात ती का? कारण ज्याच्याकडे चेंडू आहे तो चेंडू घेऊन धावतो आणि त्याला थांबवायचा दुसरा मार्ग नसतो. मग चेंडू घेऊन धावायचेच नाही, असे ठरवले तर? धावणारा नाही, म्हणजे त्याला पाडायचे कारणही नाही. धसमुसळेपणा शिक्षेने नाही, तर त्याचे मूळच काढून थांबवायचा.

दुसरा प्रश्न गोलचा होता. गोल समोर उभा असला की चेंडू जोरात मारला जाणार आणि कोणाला तरी लागणार. इथे खडकावरचा दगड आठवला. गोल आडवा आणि डोक्याच्या वर ठेवला, की चेंडू हळूच, कमानीत टाकावा लागेल. विद्यालयाच्या शिपाईमामांकडे त्यांनी दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, पीच फळांच्या दोन टोपल्या होत्या. व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला त्या ठोकल्या. कठडा दहा फूट उंच होता, म्हणून आजही जगभर रिंग दहा फुटांवर असते.

तेरा नियम लिहून झाले, कार्यालयातल्या बाईंनी ते दोन कागदांवर टंकलिखित केले आणि ते फलकावर लागले. २१ डिसेंबर १८९१ रोजी नऊ-नऊ जणांच्या दोन संघांत पहिला सामना झाला. चेंडू फुटबॉलचाच होता. सामनाभरात एकच गोल झाला, तो विल्यम चेस याचा. फ्रँक महान या विद्यार्थ्याने खेळाला नेस्मिथ यांचेच नाव द्यायचे सुचवले. ते त्यांनी हसून नाकारले, तेव्हा त्यानेच बास्केटबॉल हे नाव सुचवले.

आता आपण त्या तेरा नियमांत ड्रिबल शोधू. ते सापडत नाही. टप्पे देत चेंडू पुढे न्यायचा, हा आज बास्केटबॉलचा प्राण समजला जातो आणि मूळ कागदावर त्याचा उल्लेखसुद्धा नाही. नियम असा होता की खेळाडूने चेंडू घेऊन धावायचे नाही. जिथे झेलला तिथूनच तो फेकायचा. जो जोरात धावत असताना चेंडू झेलेल त्याला थांबायला थोडी सवलत द्यायची. बस.

मग ड्रिबल आले कुठून? अडचणीतून आले. चेंडू हातात आहे, चारी बाजूंनी विरोधक आहेत, आपला गडी मोकळा नाही आणि पाऊल उचलता येत नाही. अशा वेळी एखाद्या खेळाडूने चेंडू मुद्दाम जमिनीवर सोडला किंवा घरंगळत दिला आणि स्वतःच पुढे होऊन पुन्हा उचलला. पंच काय म्हणणार? तो चेंडू घेऊन धावला का? नाही. चेंडू त्याच्या हातात नव्हताच. तो सुटला होता आणि तो कोणालाही घेता आला असता. दुसऱ्या कोणी चेंडू तळहाताने वरच्या वर उडवत पळायला सुरुवात केली. चेंडू हाताने टोलवायला नियमांची परवानगी होतीच. बचावासाठी काढलेली ही पळवाट काही वर्षांतच चढाईचे हत्यार झाली. १८९७ च्या सुमारास येल विद्यापीठाच्या संघाने टप्पे देत पुढे सरकण्याची पद्धत वापरली, असे खेळाच्या इतिहासात नोंदले आहे.

मी गेली वीस वर्षे सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे. आम्ही एखादी गोष्ट एका कामासाठी बनवतो आणि वापरणारे लोक ती भलत्याच कामासाठी वापरू लागतात, हे आम्हाला नवे नाही. अशा वेळी आमची पहिली प्रतिक्रिया वाट बुजवून टाकण्याची असते. म्हणूनच नेस्मिथ इथे कसे वागले याचे मला फार कौतुक वाटते. आपण लिहिलेल्या नियमाला विद्यार्थ्यांनी बगल दिली म्हणून ते चिडले नाहीत. त्यांनी पाहिले की आपला नियम ज्या कारणासाठी होता ते कारण शाबूत आहे की नाही. धावणाऱ्याला पाडावे लागते, कारण चेंडू त्याच्या कवेत सुरक्षित असतो. ड्रिबल करणाऱ्याचा चेंडू दर टप्प्याला उघड्यावर येतो. त्याला न पाडता, नुसता हात घालून चेंडू काढून घेता येतो. म्हणजे खेळाचा हेतू कुठे मोडत नाही. उलट एक नवे कौशल्य जन्माला येते. ड्रिबल हा खेळातला अतिशय देखणा भाग आहे, असे त्यांचे मत पुढे आयुष्यभर राहिले.

नियम करणाऱ्या समित्या मात्र बिचकत राहिल्या. चेंडू दोन्ही हातांनी पुन्हा पुन्हा आपटायला बंदी आली. एकदा ड्रिबल थांबवून चेंडू धरला की पुन्हा सुरू करायचे नाही, हे ठरले. १९०१ च्या सुमारास असा नियम आला की ड्रिबल करणाऱ्याने स्वतः बास्केट करायची नाही, चेंडू दुसऱ्याला द्यायचा. तो १९०८ मध्ये उठला. तेव्हाचा चेंडूही आजच्यासारखा गोल गुळगुळीत नव्हता. त्याला बुटासारखी लेस असे आणि लेसवर टप्पा पडला की चेंडू कुठेही उडे. एका हाताने, मान वर ठेवून, न पाहता टप्पे देणे त्या चेंडूने किती अवघड असेल याची कल्पना करा.

मुलींच्या वाट्याला तर याहून कडक नियम आले. स्प्रिंगफील्डच्या खेळात पहिल्या काही आठवड्यांतच जवळच्या शाळेतल्या शिक्षिका रस दाखवू लागल्या. पायघोळ पोशाखात त्या व्यायामशाळेत येऊन खेळल्या. त्या पहिल्या महिला खेळाडूंमधल्या मॉड शर्मन यांच्याशीच १८९४ मध्ये नेस्मिथ यांचे लग्न झाले. स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन यांनी मुलींचा खेळ रुजवला, पण त्या काळच्या समजुतींना धरून त्यांनी मैदानाचे तीन भाग केले. मुलीने आपला भाग सोडायचा नाही आणि टप्पे तीनच द्यायचे. अमेरिकेतल्या मुलींच्या खेळात टप्प्यांवरचे बंधन पूर्णपणे उठायला १९६६ साल उजाडावे लागले. आपण मुली ग्राउंडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टप्पे देत पळायचो, तेव्हा हे स्वातंत्र्य इतके अलीकडचे आहे हे कोणाला माहीत होते?

नेस्मिथ १८९५ मध्ये डेन्व्हरला गेले. तिथे वायएमसीएत काम करता करता वैद्यकीय शिक्षण घेतले आणि १८९८ मध्ये डॉक्टर झाले. त्याच वर्षी कॅन्सस विद्यापीठात शारीरिक शिक्षण आणि प्रार्थनामंदिर अशा दोन्हींची जबाबदारी घेऊन रुजू झाले आणि उरलेले आयुष्य तिथल्या लॉरेन्स गावात काढले. विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे ते पहिले प्रशिक्षक. त्यांच्या काळात संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० हरले. त्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकांत विजयांपेक्षा पराभव जास्त असलेले ते एकटेच. ज्याने खेळ बनवला तोच! पण त्याचे त्यांना काही वाटत नसे. हरलो की जिंकलो यापेक्षा मुलांची शरीरे कशी घडली आणि ती एकमेकांशी कशी वागली, याकडे त्यांचे लक्ष असे. त्यांचा विद्यार्थी फॉग अॅलन प्रशिक्षक व्हायला निघाला, तेव्हा बास्केटबॉल शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो, असे ते त्याला म्हणाले होते. अॅलनने गुरूचे ऐकले नाही. त्याने खेळ शिकवला, कॅन्ससच्या संघाला नावारूपाला आणले आणि तो अमेरिकेतल्या नामवंत प्रशिक्षकांपैकी एक झाला.

याच अॅलनवर पुढे ड्रिबल वाचवायची वेळ आली. १९२७ मध्ये नियम समितीने ठराव केला की खेळाडूने एकच टप्पा द्यायचा, मग चेंडू सोडायचा. विस्कॉन्सिनचे नामांकित प्रशिक्षक वॉल्टर मीनवेल यांचा या ठरावाला जोर होता. त्यांच्या मते खेळ पासिंगचा होता आणि एकटा खेळाडू टप्पे देत हिंडतो तेव्हा बाकीचे चार नुसते पाहत राहतात. हे म्हणणे अगदी चुकीचे नव्हते. चेंडू सोडतच नाही असा एकेक मित्र आपल्याही संघात होता आणि तो हे वाचतो आहे! पण ठराव टिकला असता, तर आज आपण ओळखतो तो खेळच उरला नसता. अॅलनने देशभरच्या प्रशिक्षकांना एकत्र केले. त्यांची संघटना उभी राहिली, अॅलन तिचा पहिला अध्यक्ष झाला आणि समितीला ठराव मागे घ्यावा लागला. नेस्मिथ यांच्या मूळ कागदावर नसलेली गोष्ट त्यांच्या शिष्याने खेळाचा अविभाज्य भाग म्हणून राखली.

कॅन्ससमध्ये त्यांचा आणखी एक विद्यार्थी होता, जॉन मॅकलेंडन. तो कृष्णवर्णीय होता आणि त्या काळी विद्यापीठाच्या संघात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. ज्या खेळाचा निर्माता आपला गुरू, तो खेळ त्याला विद्यापीठासाठी खेळता आला नाही. नेस्मिथ यांना ते दार उघडता आले नाही, पण त्यांनी त्याला जवळ घेतले, शिकवले आणि पाठीशी उभे राहिले. मॅकलेंडन १९३६ मध्ये पदवीधर झाला आणि पुढे वेगवान खेळाचा मोठा प्रशिक्षक म्हणून त्याचे नाव झाले.

त्याच १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथमच अधिकृत समावेश झाला. या खेळातून नेस्मिथ यांनी कधी पैसा केला नव्हता. त्यांच्या प्रवासासाठी अॅलन आणि प्रशिक्षकांच्या संघटनेने सामन्यांच्या तिकिटांमागे एक-एक सेंट बाजूला काढून निधी जमवला. पंचाहत्तरीकडे आलेल्या नेस्मिथ यांनी एस्टोनिया-फ्रान्स सामन्यात चेंडू उडवून स्पर्धेची सुरुवात केली. पंचेचाळीस वर्षांपूर्वी अठरा कंटाळलेल्या विद्यार्थ्यांसाठी ठोकलेल्या दोन टोपल्या आणि आता समोर देशोदेशींचे झेंडे.

अंतिम सामना १४ ऑगस्टला उघड्या मातीच्या मैदानावर झाला. अमेरिका विरुद्ध कॅनडा, म्हणजे त्यांची कर्मभूमी विरुद्ध जन्मभूमी. त्या दिवशी पाऊस कोसळला. मैदानाचा चिखल झाला आणि चेंडू टप्पाच खाईना. ड्रिबल जवळजवळ अशक्य झाले. चेंडू झेलायचा आणि तिथूनच फेकायचा, जणू १८९१ चाच खेळ पुन्हा सुरू झाला होता. अमेरिकेने तो सामना १९-८ असा जिंकला. जुलैमध्ये आपल्या ग्राउंडवर चेंडू थपकन चिखलात रुतून बसायचा आणि आपण हिरमुसून वर्गात परतायचो, ते मला हे वाचताना आठवले. टप्पा नसला की खेळातून काय निघून जाते, ते आपण सगळ्यांनी अनुभवले आहे.

२८ नोव्हेंबर १९३९ रोजी लॉरेन्स येथे वयाच्या ७८ व्या वर्षी नेस्मिथ यांचे निधन झाले. खेळाच्या उगमाविषयी त्यांनी लिहिलेले पुस्तक १९४१ मध्ये, त्यांच्या मागे प्रसिद्ध झाले. स्प्रिंगफील्डमधल्या बास्केटबॉलच्या कीर्तिमंदिराला त्यांचे नाव आहे. फलकावर लावलेले ते दोन टंकलिखित कागद २०१० च्या लिलावात ४० लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले आणि आता ते कॅन्सस विद्यापीठात आहेत.

आता माझ्या मुलीच्या प्रश्नाकडे आणि सरांच्या शिट्टीकडे येते.

नेस्मिथ यांच्यानंतर ड्रिबल पुष्कळ बदलले. हार्लेम ग्लोबट्रॉटर्सचा मार्कस हेन्स गुडघ्यावर बसून, जवळजवळ आडवा होऊन जमिनीलगत टप्पे देई आणि कोणाला चेंडू काढता येत नसे. १९५० च्या दशकात बॉब कूझी पाठीमागून चेंडू फिरवू लागला, तेव्हा जुन्या जाणत्यांना तो दिखाऊपणा वाटला. आता शाळेतली मुलेही तसे करतात. १९९० च्या दशकात अॅलन आयव्हरसन एका हातातून दुसऱ्या हातात चेंडू इतक्या रुंद आणि झटक्याने नेऊ लागला की समोरच्याचा तोल जाई. त्याचा हात चेंडूच्या बाजूने खाली सरकतो का, हा वाद तेव्हापासून आजतागायत चालू आहे. पावलांचेही तसेच. धावता धावता चेंडू हातात घेताना पडणारे पाऊल मोजायचे की नाही, याचा खुलासा आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१७ मध्ये नियमात केला. नेस्मिथ यांनी पहिल्याच कागदावर धावत झेलणाऱ्याला सवलत द्यायला सांगितले होते. ती सवलत किती, हे ठरवायला सव्वाशे वर्षे लागली.

मग कॅरी का चालत नाही? मुलीला मी नेस्मिथ यांचाच हिशोब सांगितला. चेंडू घेऊन धावायला बंदी आहे. ड्रिबलला परवानगी आहे, कारण ड्रिबल करणारा दर टप्प्याला चेंडू खरोखर सोडतो. तळहात वर असतो तोवर चेंडू त्याचा नसतो, तो फक्त त्याला खाली धाडतो आणि वाट पाहतो. तेवढ्या निमिषात समोरच्याला संधी असते. तळहात खाली गेला आणि चेंडू त्यात क्षणभर विसावला, की ती संधी गेली. वरून पाहणाऱ्याला टप्पे दिसतात, पण खरे तर तो चेंडू घेऊन धावतो आहे. सोडल्याचे दाखवायचे आणि सोडायचे मात्र नाही. मोठ्या सामन्यांत पंच कधी डोळेझाक करतात, कधी अचानक कडक होतात. पण म्हणून नियमामागचे कारण खोटे ठरत नाही.

तिला ते पटले असावे. निदान दुसऱ्या दिवशी ती अंगणात तळहात चेंडूच्या वर ठेवून, मुद्दाम सावकाश टप्पे देत होती.

स्प्रिंगफील्डच्या त्या वर्गातला डंकन पॅटन नावाचा विद्यार्थी १८९० च्या दशकातच हा खेळ घेऊन भारतात आला. स्प्रिंगफील्डलाच शिकलेल्या हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले आणि देशातल्या पी.टी. शिक्षकांच्या सुरुवातीच्या पिढ्या तिथे घडल्या. अशा हातांहातांतून, माहीत नसलेल्या कितीतरी शिक्षकांच्या शिट्ट्यांमधून हा खेळ आपल्या मातीच्या ग्राउंडपर्यंत आला. त्या दिवशी आठवीतल्या मुलीला शेवटच्या सेकंदाला अडवणे सरांना सोपे गेले नसेल. सामना सोडून द्यावा, असे त्यांनाही क्षणभर वाटले असेल. तरी त्यांनी शिट्टी वाजवली.

सर, आपण स्नेहमेळाव्याला येणार असे कळले आहे. तीस वर्षे उशीर झाला, पण ती कॅरीच होती. माझा हात खाली गेला होता. भेटल्यावर नमस्कार करून हे प्रत्यक्षही सांगेन. ग्राउंडवर चेंडू आणायचे मात्र आपल्यापैकी कोणीतरी लक्षात ठेवा.